फक्त चेष्टा

८ जानेवारी, बुधवार

दादाला आज पोलिसांनी घरी आणून सोडलं.

हे वाक्य लिहून मी परत वाचलं, कारण वाचणाऱ्याला वाटेल की त्यानं काहीतरी गुन्हा केला. त्यानं काही केलेलं नाही. तो कलियासोतच्या बंधाऱ्याच्या कठड्यावर बसला होता, एवढंच. सकाळी मंडीदीपला कामावर जातो म्हणून निघाला आणि कारखान्यात पोचलाच नाही. दुपारी गस्तीवरच्या दोघा पोलिसांनी हटकलं तर उत्तर देईना. स्वेटर काढून, घडी करून शेजारी ठेवला होता. या थंडीत. शेवटी त्याच्या ओळखपत्रावरचा पत्ता बघून ते त्याला मिसरोदला, आमच्या फ्लॅटवर, घेऊन आले.

त्यातला वयस्कर पोलीस आईला म्हणाला, "माताजी, लड़का भले घर का है. किसी डॉक्टर को दिखा लीजिए." आईनं दोघांना चहा केला.

बाबांनी विचारलं, "निनाद, काय करत होतास तिथे?"

"शेवटच्या प्रकरणाचा विचार."

म्हणजे कादंबरीच्या. दादा दोन वर्षं एक विज्ञान कादंबरी लिहितो आहे. मी घरबसल्या पुण्याच्या एका प्रकाशकाची प्रुफं तपासते, म्हणून त्याची पानंही माझ्याकडेच येतात. त्यात भोपाळचा मोठा तलाव आटलेला आहे आणि तळाच्या कोरड्या मातीवर एक संस्था उभी आहे. तिचं नाव विश्रांती. ज्यांची झोप बिघडली आहे अशा लोकांना तिथे ठेवतात आणि त्यांना पाहुणे म्हणतात. दाराला कुलूप नाही. दार फक्त ऐकतं. ज्याच्या आवाजात भीती नसेल त्याच्यासाठीच उघडतं, त्यामुळे कोणासाठीच उघडत नाही. आतला एक पाहुणा पूर्ण शहाणा आहे, पण तो जे म्हणेल ते त्याच्या आजाराचा पुरावा ठरतं. त्या पानाच्या कडेला मी लिहिलं होतं, "हे जरा अतिशयोक्त वाटतं."

शेवटचं प्रकरण अडलं आहे हे खरं आहे. मागच्या महिन्यात त्यानं मला विचारलं होतं, "मंजू, असल्या कादंबऱ्यांत कोंडलेला माणूस कधी खरंच आजारी का नसतो?"

मी म्हणाले, "आजारी निघाला तर कादंबरीच पडेल. मग दवाखाना वाईट कसा ठरणार?"

तो "हं" म्हणाला.

उद्या डॉक्टरकडे जायचं आहे. 

९ जानेवारी, गुरुवार

अरेरा कॉलनीतलं एक खाजगी रुग्णालय. दारावर पाटी होती, डॉ. खरे. बाबांच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा रंग आला. "आपला माणूस निघाला," ते आईला म्हणाले, आणि आत जाऊन बसल्या बसल्या मराठीत सगळी हकिकत सुरू केली. बरखेड्याचं कंपनीचं क्वार्टर, आपली निवृत्ती, मिसरोदचा फ्लॅट, दादाचं बारावीचं यश. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "जी, मैं सागर का हूँ. कायस्थ. मराठी बस थोड़ी-बहुत समझ लेता हूँ."

बाबा त्यानंतर तोंड उघडेनात. आईचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. मग बोलणं माझ्यावर आलं.

माझं हिंदीही सरळ नाही. बाबांनी मला सातवीपर्यंत घरीच शिकवलं. मला दम्याचा त्रास होता हे एक, आणि पोरीचं मराठी बिघडेल ही भीती हे दुसरं. दादा टाउनशिपच्या शाळेत गेला, मैदानावर हिंदी शिकला. मी जेवणाच्या टेबलावर बाबांकडून व्याकरण शिकले. रोज दहा ओळी दैनंदिनी लिहायची, आणि ज्या शब्दाची खात्री नाही तो तोंडातून काढायचा नाही. दैनंदिनी त्यातूनच राहिली. लोकांत हिंदी बोलताना मी अजून आधी मनात वाक्य तपासते.

डॉक्टरांनी प्रत्येकाला वेगळं बोलावलं. मला विचारलं, "इससे पहले कभी ऐसा कुछ हुआ है?"

मी "नाही" म्हणू शकले असते. पण दोन वर्षांपूर्वीचा बरखेड्याच्या गच्चीवरचा प्रसंग आठवला, आणि आठवल्यावर लपवणं म्हणजे खोटं बोलणंच. म्हणून सांगितलं. क्वार्टर सोडायच्या दिवशी दादा गच्चीच्या कठड्यापलीकडे पाय सोडून बसला होता.

"फिर?"

"कुछ नहीं, सर. वो सिर्फ चेष्टा थी."

ओठांवर आधी "मजाक" आलं होतं. पण दवाखान्यात बसून मजाक म्हणणं उथळ वाटलं असतं. डॉक्टर स्वतः इतकं शुद्ध बोलतात, "संभवतः", "अनुमति". म्हणून मीही शुद्ध शब्द वापरला. त्या अवस्थेतही तो सुचला याचं जरा बरं वाटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चेष्टा थी. आप निश्चित हैं?"

"बिल्कुल. उसने खुद कहा था, मेरे सामने."

"घर में और किसको पता है?"

"किसी को नहीं. इतनी-सी बात थी, किसको बताते?"

ते माझ्याकडे खूप मायेनं बघत राहिले. मला वाटलं, चला, माणूस समजूतदार आहे. मग त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि म्हणाले, "निनाद जी को हम अभी घर नहीं भेज सकते."

मला अजून कळत नाही मध्ये काय घडलं. मी तर त्यांना धीर देऊन आले होते.

दादानं वाद घातला नाही. जिथे दाखवली तिथे सही केली. फक्त विचारलं, "वार्ड का दरवाजा बाहर से बंद रहता है ना?" डॉक्टर हो म्हणाले. दादानं मान हलवली आणि खुर्चीत मागे टेकून बसला. फार घाबरला की माणूस असाच गप्प होत असणार.

११ जानेवारी, शनिवार

भेट चार ते पाच. दुसऱ्या मजल्यावर जाळीचं दार आहे, त्याला आतून आणि बाहेरून दोन्हीकडून कडी. पिंकी सिस्टर पिशवी तपासतात, पेन काढून घेतात, दादासाठी आणलेल्या पायजम्याची नाडी ओढून काढतात आणि तिची गुंडाळी करून माझ्या हातात देतात. "घर ले जाइए दीदी." नाडी मुठीत धरून मी आत गेले.

सगळं त्याच्या कादंबरीसारखं आहे. तसंच, आणि म्हणून मला तिथे श्वास पुरत नाही. कोणी ओरडत नाही. सगळे गोड बोलतात. "भैया ने आज पूरा खाना खाया, बहुत अच्छे हैं भैया." विश्रांतीमध्ये पाहुण्यांशी असंच बोलतात. दादाच्या कपाटात या तऱ्हेच्या कादंबऱ्यांचा ढीग आहे, मी बहुतेक वाचल्या आहेत. पुढच्या शतकातलं एखादं शहर, स्वच्छ भिंती, शहाण्या माणसाला वेडा ठरवून आत ठेवतात. शेवटी तो एक तर पळतो, नाहीतर त्याचं मन पुसतात आणि तो हसून म्हणतो की मी इथे सुखात आहे. तिसरा शेवट मी कुठे वाचलेला नाही.

जाळीच्या दाराशेजारी पाटी आहे: "वार्ड में मोबाइल ले जाने की चेष्टा न करें." मोबाइल नेण्याची चेष्टा? कुणाची चेष्टा, मोबाइलची? भीतीतही मला हसू आलं. सरकारी असो की खाजगी, पाट्या लिहिणारे सगळीकडे सारखेच. लाल पेन हातात असतं तर सुधारलं असतं.

१२ जानेवारी, रविवार

आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं की निनाद कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलाय. काकू म्हणाल्या, "अच्छा, तो वहाँ से बाकरवडी मँगवाइए." आई हो म्हणाली. आता बाकरवडी कुठून आणणार हा एक वेगळाच प्रश्न.

बाबा रुग्णालयात यायला तयार नाहीत. "मी तिथे पाऊल टाकणार नाही. माझा मुलगा तिथला नाही."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ आत नेऊ दिला, पिंकी सिस्टरनी एक आधी स्वतः तोंडात टाकला. "चेक करना पड़ता है," म्हणाल्या, आणि दुसराही घेतला.

दादाची जीभ जड झाली आहे. शब्द ओढून आणल्यासारखा बोलतो, हात थरथरतात. झोप मात्र लागते म्हणे, पुष्कळ. मी विचारलं, "तुला काय देतायत माहीत आहे का?" म्हणाला, "माहीत आहे. मी विचारलं." मी विचारलं, "नाही म्हणता येत नाही का?" तो म्हणाला, "येतं की."

मग कशाला घेतो? मला वाटलं, इथे कोणी ऐकत असेल म्हणून तो असं बोलतोय.

त्याला हसवावं म्हणून मी पाटीची गोष्ट सांगितली. मोबाइलची चेष्टा. तो हसला नाही. तीळगुळाचा कागद उलगडता उलगडता थांबला.

"मंजू, गच्चीचं तू डॉक्टरांना सांगितलंस ना? शब्द काय वापरलास?"

"चेष्टा. मजाक बरं दिसलं नसतं."

त्यानं कागदाची परत घडी केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे. चांगला शब्द आहे."

त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट लिहिता येत नाही. दोनदा लिहून खोडलं. औषधाचा परिणाम असावा.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज नितीनकाका आले होते. हे बाबांचे बरखेड्यापासूनचे मित्र, एकाच खात्यात होते. त्यांचा मेहुणा वकील आहे. काका म्हणाले, "भालचंद्र, एकदा का यांच्या तावडीत माणूस गेला की रजिस्टरला नाव कायमचं. उद्या लग्न कसं जमणार? पोराला बाहेर काढ आधी, मग काय ती चौकशी." बाबा मान हलवत होते. आई म्हणाली, "अहो, पण डॉक्टर..." काका म्हणाले, "वहिनी, डॉक्टरला बेड भरायचे असतात." मंगळवारी वकिलाला घेऊन जायचं ठरलं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण हे सगळं माझ्या कुठल्या वाक्यामुळे सुरू झालं ते कळत नाही. म्हणून गच्चीचा प्रसंग इथे जसा घडला तसा लिहून काढते. मी डॉक्टरांना काही जास्तीचं सांगितलं का ते तपासायला.

ट्रक दुपारी यायचा होता. दादानं आठवडाभर आधीच त्याची पुस्तकं मित्राला, ओंकारला, देऊन टाकली होती, नवा फ्लॅट लहान म्हणून. घड्याळही दिलं होतं. त्याला ते सैल होत होतं. मी दोऱ्या काढायला गच्चीवर गेले तर तो कठड्यावर पाठमोरा, पाय बाहेर. मी म्हणाले, "दादा, काय हे, उतर." तो म्हणाला, "मंजू, एक-दोन-तीन म्हण." आवाज अगदी साधा. मी म्हणाले, "चेष्टा करतोयस ना?" थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हो. चेष्टा." मी हात पुढे केला, तो माझं मनगट धरून आत आला. हात बर्फासारखे होते, मे महिना असून. मनगटावर वळ उठले ते चार-पाच दिवस होते. खाली आल्यावर त्याला उलटी झाली. ऊन लागलं होतं. आईनं पन्हं दिलं आणि तो ट्रक येईपर्यंत झोपला.

मी परत वाचलं. डॉक्टरांना मी याहून कमीच सांगितलं होतं. यात अडकवण्यासारखं काय आहे?

१८ जानेवारी, शनिवार

पिंकी सिस्टर म्हणाल्या, "दीदी, आप तो हमसे ज्यादा ड्यूटी करती हैं. आपकी भी भरती कर लें?" त्या हसल्या. मी पण हसले. मग घरी येईपर्यंत बसमध्ये तेच आठवत राहिलं. मला खरंच वाटतंय की एखाद दिवशी जाळीचं दार माझ्यामागे लागेल आणि मी जे बोलेन ते सगळं चुकीचं निघेल.

२० जानेवारी, सोमवार

सापडलं.

देवा, सापडलं. माझ्यामुळेच झालं.

तुलसी नगरच्या स्नेहा तिवारीचा फोन आला होता. माझी आठवीपासूनची मैत्रीण, हल्ली परीक्षेचा अभ्यास करते. घरातलं मी तिला एकटीलाच सांगितलं आहे. बोलता बोलता तिला पाटीचं सांगितलं, चेष्टा न करें.

"तो इसमें गलत क्या है?" ती म्हणाली.

"अरे, मोबाइल ले जाने की चेष्टा? चेष्टा मतलब मजाक ना."

"किस दुनिया में? चेष्टा मतलब कोशिश, मैडम. प्रयास. तू इतने साल से भोपाल में हिंदी बोल रही है कि क्या बोल रही है?"

मी फोन ठेवला. मग लगेच परत लावला, कारण असा फोन ठेवणं बरोबर नाही. तिला सांगितलं काय झालंय. स्नेहानं मला सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मंजू. तूने डॉक्टर को बोला कि उसने... कोशिश की थी? छत से?"

वो सिर्फ चेष्टा थी. आप निश्चित हैं? बिल्कुल.

मी माझ्या भावाला एका शब्दानं आत टाकलं. शुद्ध शब्दानं. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. आईला सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बघ, म्हणजे त्याला काहीच झालेलं नाही." ती देवाजवळ जाऊन बसली. मग बाबांना तिनंच सांगितलं. बाबा माझ्यावर चिडले नाहीत. उलट त्यांचे डोळे भरले. "वकील कशाला," ते म्हणाले, "उद्या तूच जा आणि शब्द दुरुस्त करून ये."

वीस वर्षांत बाबा माझ्या चुकीवर एवढे खूश झाल्याचं मला आठवत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

हे सावकाश लिहायला हवं. आज काहीही खोडायचं नाही.

डॉ. खरेंना सगळं सांगितलं. ते खुर्चीत सरळ बसले. "देखिए, परिवार वाले अक्सर बाद में बात बदल देते हैं."  हे तर कादंबरीतलंच. मी आता जे म्हणेन ते पुरावा ठरणार. आवाज कापत होता आणि तो कापतोय हे त्यांना ऐकू जात होतं.

मग ते म्हणाले, "अच्छा, मराठी में इस शब्द के दो-चार वाक्य बोलिए. बिना सोचे."

"माझी चेष्टा करू नका. चेष्टेवारी नेऊ नका. चेष्टामस्करी पुरे झाली. दादा सारखा माझ्या हिंदीची चेष्टा करतो."

ते चष्मा काढून डोळे पुसत होते, हसत होते की काय कळेना. "बारह दिन से मैं इस एक शब्द पर चल रहा हूँ," म्हणाले. मग गंभीर झाले. "पर मैंने निनाद जी से भी पूछा था. उन्होंने कहा, बहन ने जो बताया है, ठीक बताया है."

"सर, उसको लगा होगा मैंने मजाक कहा है."

हे बोलताना मला संक्रांतीचा दिवस आठवला नाही. आठवायला हवा होता.

"हो सकता है," डॉक्टर म्हणाले. "अगर पहले कुछ नहीं हुआ था, घर में सब साथ हैं, और वे खुद जाना चाहें, तो मैं शाम को छुट्टी की बात सोच सकता हूँ. आप उनसे मिल लीजिए. मैं दस मिनट में आता हूँ."

मी जिने जवळजवळ पळत चढले. दादा भेटीच्या खोलीत खिडकीपाशी बसला होता. मी म्हणाले, "दादा, झालं. गैरसमज होता, माझ्या शब्दाचा. डॉक्टरांना पटलंय. संध्याकाळी तू घरी."

तो माझ्याकडे बघेना. "आज नको, मंजू."

 मन पुसतात आणि तो म्हणतो की मी इथे सुखात आहे. मी त्याचा दंड धरून हलवला, कुजबुजले, "हे तू बोलत नाहीयेस. गोळ्या बोलतायत. तू फक्त हो म्हण, बाकीचं मी बघते."

"हळू. दुखतंय." त्यानं माझी बोटं सोडवली. "मला माहीत होतं. तू पाटी सांगितलीस तेव्हाच कळलं की डॉक्टरला काय ऐकू गेलंय."

"मग बोलला का नाहीस? एवढे दिवस?"

"काय बोलू?"

"की ती चेष्टा होती."

"चेष्टा हा शब्द तुझा होता, मंजू. तू विचारलंस, चेष्टा करतोयस ना. मी हो म्हणालो. तेवढंच सोपं होतं." तो थांबला, जिभेनं ओठ ओले केले. "या माणसाला पहिल्यांदा बरोबर ऐकू गेलं. चुकून का होईना. मला वाटलं, आता कोणी दुरुस्त करू नये."

मी कलियासोतचं विचारलं नाही. धीर झाला नाही. तोच खाली बघत म्हणाला, "स्वेटर आईनं विणलेला होता. खराब झाला असता."

मी रडले नाही. खोलीत किती थंडी आहे एवढंच जाणवत राहिलं, आणि मिसरोदच्या घराला बाल्कनी आहे, बाल्कनीचा कठडा माझ्या कमरेपर्यंतच येतो. आज संध्याकाळी मी त्याला तिथे नेणार होते. पेढे घेऊन नेणार होते.

"दार बाहेरून बंद असतं तेव्हा मला झोप लागते," दादा म्हणाला. "हे कादंबरीत लिहिता येत नाही. लिहिलं तर वाचक म्हणतील, लेखक विकला गेला."

"पडेना का कादंबरी," मी म्हणाले.

तो जरासा हसला. डॉक्टर आले. "तो, क्या तय हुआ?"

दादा माझ्याकडे बघत होता. मग मीच म्हणाले, आणि यावेळी आधी मनात वाक्य तपासलं नाही, "सर, शब्द मेरा गलत था. बात गलत नहीं थी."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि दादासमोर बसले. मला म्हणाले, "आप भी रुकिए, अगर ये चाहें." दादा म्हणाला, "रुकने दीजिए."

घरी आले तर बाबा दारातच. मागे नितीनकाका, त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा. "झाला ना गैरसमज दूर?"

"हो बाबा."

"मग कधी सोडतायत?"

"नाही सोडत. गैरसमज डॉक्टरांचा नव्हता. आपला होता."

बाबा म्हणाले, "म्हणजे काय? नीट सांग. मराठीत सांग."

मी मराठीतच बोलत होते. तरी परत सांगितलं. दादानं प्रयत्न केला होता, बरखेड्याच्या गच्चीवर. आणि पुन्हा तेच मनात होतं म्हणूनच कलियासोतला गेला. "प्रयत्न" म्हणताना माझा आवाज फुटला, पण शब्द स्पष्ट गेला. नितीनकाका म्हणाले, "अरे, मनाचे खेळ असतात, पोरं काहीही..." आई म्हणाली, "भावजी, तुम्ही आता या." आई असं कधी कोणाला म्हणालेली नाही.

बाबा जेवले नाहीत. 

२२ जानेवारी, बुधवार

दुपारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि म्हणाले, "चला." कुठे ते मी विचारलं नाही.

जाळीच्या दाराशी पिंकी सिस्टरनी त्यांचा पट्टा काढून घेतला. बाबा एका हातानं पँट धरून आत गेले. ते घाबरले आहेत हे मला त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. मी त्यांना असं चालताना पाहिलेलं नव्हतं.

दादा आणि ते समोरासमोर बसले. बाबांनी विचारलं, "जेवण कसं असतं?"

"डाळ पातळ असते."

"तिखट?"

"नाही."

 शेजारच्या टेबलावर एक बाई आपल्या नवऱ्याला संत्रं सोलून देत होती.

दादा म्हणाला, "बाबा, मला भीती वाटते. घरी यायची."

मला वाटलं, बाबा म्हणतील, त्यात काय भ्यायचं. लहानपणी मी दम लागून घाबरले की ते हेच म्हणत आणि पुढचा धडा काढत. ते टेबलाच्या कडेवर अंगठा घासत बसले.

"मला पण," बाबा म्हणाले.

आमच्या घरात कोणी "मला पण" म्हटलं की ते "मलाही" म्हणायला लावतात.

पाच वाजता पिंकी सिस्टर आल्या. "चलिए अंकलजी, टाइम हो गया." बाबा उठले नाहीत. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि दार लोटून घेत पुन्हा बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.